राहू-केतूची दृष्टी: पत्रिकेत कशी मोजावी, कशी वाचावी

राहू आणि केतू नेहमी समोरासमोर असतात. दोघांनाही पाचवी, सातवी आणि नववी दृष्टी आहे, म्हणजे ते आपल्या घरापासून पाचव्या, सातव्या आणि नवव्या घराकडे पाहतात, असं बहुतेक ज्योतिषी मानतात. या दोन गोष्टी एकत्र केल्या की काय होतं ते आधी कागदावर करून पाहा. राहू लग्नात (पत्रिकेतल्या बारापैकी पहिल्या स्थानात, जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीत) असेल तर त्याची दृष्टी पाच, सात आणि नऊ या स्थानांवर. केतू सप्तमात, म्हणून त्याची दृष्टी अकरा, एक आणि तीनवर. म्हणजे सगळी विषम स्थानं झाली. राहू द्वितीयात ठेवून मोजा, सगळी सम स्थानं येतील. पत्रिका कोणाचीही असो, बारापैकी सहा स्थानं या दोघांच्या ताब्यात जातातच.

म्हणून "पंचमावर राहू-केतूची दृष्टी आहे, संततीला त्रास" हे वाक्य निम्म्या जगाला लागू पडतं आणि म्हणूनच कोणालाही नीट लागू पडत नाही. या दृष्टीचा अभ्यास म्हणजे सहा स्थानांपैकी नेमकं कोणतं स्थान बोलतंय, कोणत्या ग्रहामार्फत बोलतंय आणि कधी बोलणार आहे हे शोधणं. ते कसं करायचं, ते खाली क्रमाने दिलं आहे.

आधी गणित पक्कं करा

राहू-केतू हे पिंड नाहीत. चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला (सूर्याच्या आकाशातल्या मार्गाला) सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. ही दोन वर्तुळं जिथे छेदतात ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. हे बिंदू उलट्या दिशेने सरकतात. मध्यम गती रोज सुमारे ३ कला ११ विकला (एक अंश म्हणजे ६० कला, एक कला म्हणजे ६० विकला), म्हणजे एक अंश सरकायला जवळजवळ १९ दिवस, एका राशीत दीड वर्ष आणि पूर्ण फेरीला १८.६ वर्षं.

सॉफ्टवेअरमध्ये तुम्हाला दोन पर्याय दिसतील: मध्यम राहू आणि स्पष्ट राहू. मध्यम राहू एकाच गतीने मागे जातो. स्पष्ट राहू पुढे-मागे हेलकावे घेतो आणि दोघांत दीड अंशापर्यंत, कधी त्याहून किंचित जास्त फरक पडतो. राशी बदलण्याच्या तारखेत हा फरक तीन-चार आठवड्यांचा होऊ शकतो. दोन्हींपैकी काहीही वापरा, पण एकदा निवडलेली पद्धत सगळ्या पत्रिकांना तीच ठेवा. राहू राशीच्या शेवटच्या किंवा पहिल्या दोन अंशांत असेल तर दोन्ही पद्धतींनी तपासा. दोन्हींत राशी वेगळी येत असेल तर दृष्टीची सगळी स्थानं बदलतात, आणि अशा पत्रिकेत दृष्टीवरून ठाम बोलू नये.

अयनांशाचंही (राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची ते ठरवणाऱ्या अंशांचंही) तसंच. महाराष्ट्रात बहुतेक पत्रिका चित्रापक्ष अयनांशावर केल्या जातात. टिळक पंचांग रैवतपक्षाचं आहे, त्यात ग्रह सुमारे चार अंश पुढे दिसतात. घरात जुनी हस्तलिखित पत्रिका असेल तर ती कोणत्या पंचांगावरून मांडली हे विचारल्याशिवाय तिच्यातले अंश नव्या सॉफ्टवेअरशी जुळवू नका. राशीच्या शेवटच्या चार अंशांतला ग्रह एका पद्धतीत या राशीत, तर दुसऱ्या पद्धतीत पुढच्या राशीत असतो.

आजी-आजोबांच्या पत्रिका पाहताना वेळेचा आणखी एक घोळ असतो. मुंबईत १९५५ पर्यंत 'मुंबई वेळ' चालू होती, ती भारतीय प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशभर घड्याळं तासभर पुढे होती. लग्नराशी साधारण दोन तासांत बदलते. तेव्हा ३९ मिनिटांनी लग्न दहा अंश सरकतं आणि तासाभराने अर्धी रास. लग्न बदललं की राहू-केतूच्या दृष्टीची सहाच्या सहा स्थानं बदलतात: सम असलेली विषम होतात.

मोजणी

आपल्याकडच्या पत्रिकेच्या चौकटीत स्थानं पक्की असतात आणि घरातला आकडा राशीचा असतो. नवशिक्यांची पहिली चूक इथेच होते: घरात ११ लिहिलेलं दिसलं की ते एकादश स्थान धरतात. ११ म्हणजे कुंभ रास. ती कोणत्या स्थानी आहे ते लग्नापासून मोजून ठरतं.

दुसरी चूक मोजणीची. ग्रह ज्या घरात आहे ते घर 'एक' धरायचं. राहू कुंभेत असेल तर कुंभ एक, मीन दोन, मेष तीन, वृषभ चार, मिथुन पाच. पाचवी दृष्टी मिथुनेवर. सातवी सिंहेवर, नववी तुळेवर. बोटावर मोजताना राहूचं घर सोडून दिलं की दृष्टी कर्क, कन्या आणि वृश्चिकेवर जाते आणि सगळं फल एका घराने चुकतं. ताळा सोपा आहे: पाचवी आणि नववी दृष्टी नेहमी राहूच्याच तत्त्वाच्या राशीवर पडते. राहू वायुराशीत असेल तर या दोन दृष्टी वायुराशींवरच हव्यात. जलराशी किंवा पृथ्वीराशी आली की मोजणी चुकली.

राहू वक्री, म्हणजे उलट्या दिशेने, चालतो म्हणून उलटं मोजावं का, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. कुंभेपासून उलटं मोजा: कुंभ, मकर, धनू, वृश्चिक, तूळ. पाचवी तूळ आली, म्हणजे सुलट मोजणीतली नववी. सातवी तर दोन्हीकडून सातवीच. तेव्हा पाच-सात-नऊ या दृष्टींसाठी दिशेचा वाद निरर्थक आहे, घरं तीच राहतात.

दिशेने फरक पडतो तो बारावी आणि दुसरी दृष्टी मानणाऱ्यांना. राहूला पाच, सात, नऊबरोबर बाराव्या स्थानीही पूर्ण दृष्टी देणारी परंपरा आहे. काही जण दुसऱ्या स्थानावरची दृष्टीही धरतात. सुरुवात करणाऱ्याने या दोन्ही बाजूला ठेवाव्यात. कारण पुन्हा गणिताचंच आहे: राहू-केतू दोघांना दुसरी आणि बारावीही दिली की बारापैकी दहा स्थानं दृष्टीखाली येतात. इतक्या ठिकाणी पडणाऱ्या दृष्टीवरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. जैमिनी या दुसऱ्या ज्योतिषपद्धतीतली राशिदृष्टी (राशीने राशीकडे पाहणं) वेगळीच आहे. तिच्यात कुंभेतला राहू मेष, कर्क आणि तूळ पाहतो, कारण स्थिर रास (इथे कुंभ) शेजारची सोडून बाकीच्या चर राशी (मेष, कर्क, तूळ, मकर) पाहते. ती पद्धत तिच्या स्वतःच्या नियमांनी वापरावी. अर्धं पाराशरी (इथे वापरलेली रूढ पद्धत) आणि अर्धं जैमिनी असं एकाच वाक्यात मिसळू नये.

एक खरी पत्रिका घेऊ

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसलं. ग्रहणमध्य रात्री ११ वाजून ४१ मिनिटांनी होता. त्या क्षणी पुण्यात जन्मलेल्या बाळाची पत्रिका चित्रापक्षाने मांडली तर अशी येते:

लग्न वृषभ, सुमारे १८ अंश
गुरू मिथुनेत २४ अंशांच्या आसपास, द्वितीय स्थानी
शुक्र कर्केत, तृतीयात
रवी सिंहेत २१ अंश, बुध सिंहेत १६ अंश, केतू सिंहेत २४ अंश, तिघे चतुर्थात
मंगळ कन्येत, पंचमात
चंद्र कुंभेत २१ अंश, राहू कुंभेत २४ अंश, दोघे दशमात
शनी मीनेत वक्री, सुमारे ५ अंश, एकादशात

आता कागदावर दोन ओळी लिहा. राहू दशमात, दृष्टी द्वितीय, चतुर्थ आणि षष्ठावर. केतू चतुर्थात, दृष्टी अष्टम, दशम आणि द्वादशावर. सगळी सम स्थानं. आता या सहांमधून निवड करायची.

पहिली चाळणी: त्या स्थानी ग्रह आहे का. षष्ठ, अष्टम, द्वादश रिकामी आहेत. रिकाम्या स्थानावरची दृष्टी मागे ठेवा. तिचं फल त्या स्थानाच्या स्वामीकडून (तिथल्या राशीच्या मालक ग्रहाकडून) येतं आणि बहुतेक वेळा त्याची दशा (त्या ग्रहाचा ठरलेला काळ) आल्याशिवाय जाणवत नाही. राहिली द्वितीय, चतुर्थ आणि दशम.

दुसरी चाळणी: युती (दोन ग्रह एकाच राशीत) की दृष्टी. युती आधी, मग सातवी, मग पाचवी-नववी. इथे चंद्र राहूबरोबर आणि रवी, बुध केतूबरोबर आहेत. या रवी-बुधांवर राहूची सातवी दृष्टी आहे, हे म्हणणं चूक नाही, पण केतूची युती असताना ते वेगळं फल म्हणून मोजू नका. राहू-केतूपैकी एकाची युती असेल तर दुसऱ्याची सातवी दृष्टी आपोआपच असते. ही एकच गोष्ट दोनदा मोजली की फल दुप्पट भयंकर लिहिलं जातं. लिहून विकल्या जाणाऱ्या पत्रिकांत ही दुहेरी मोजणी फार आढळते.

तिसरी चाळणी सगळ्यात महत्त्वाची, अंशांची.

अंश पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका

राशीवरून मोजलेली दृष्टी हा ढोबळ आराखडा आहे. राहू आणि ज्याच्यावर दृष्टी आहे तो ग्रह आपापल्या राशीत किती अंशांवर आहेत ते घ्या आणि वजाबाकी करा. फरक ३ अंशांच्या आत असेल तर दृष्टी तीव्र समजा. ३ ते ८ अंशांत मध्यम. त्यापुढे ती पार्श्वभूमीला आहे असं धरा, तिच्यावर फलाचा डोलारा उभारू नका.

वरच्या पत्रिकेत राहू आणि गुरू दोघेही २४ अंशांच्या आसपास आहेत, फरक एका अंशाच्या आत. ही पाचवी दृष्टी अत्यंत नेमकी आहे. चंद्राशी फरक ३ अंशांचा, रवीशी केतूचा ३ अंशांचा, बुधाशी ८ अंशांचा. क्रम लागला: राहू-गुरू, राहू-चंद्र, केतू-रवी, आणि बुध बराच मागे.

अंश का पाहायचे, हे २०२५-२६ च्याच आकाशावरून नीट कळतं. १४ मे २०२५ ला गुरू मिथुनेत आला आणि १८ मेला मध्यम राहू कुंभेत. तेव्हापासून १८ ऑक्टोबरच्या सुमारास गुरू कर्केत जाईपर्यंत, आणि मग वक्री होऊन ५ डिसेंबरला परत मिथुनेत आल्यावर जून २०२६ च्या सुरुवातीपर्यंत, जगात जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या पत्रिकेत "राहूची पाचवी दृष्टी गुरूवर" आहे. सुमारे अकरा महिन्यांची सगळी मुलं! १ जून २०२५ ला जन्मलेल्या बाळाच्या पत्रिकेत गुरू ४ अंशांवर आणि राहू २९ अंशांवर, फरक २५ अंशांचा. दृष्टी राशीने आहे, अंशाने नाही. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातल्या बाळाच्या पत्रिकेत मात्र ती पूर्ण बसते. दोघांनाही एकच फल सांगणं अन्यायाचं आहे.

यातून एक नियम पक्का करा. गुरू, शनी आणि राहू-केतू हे मंद ग्रह. त्यांचे आपसातले योग एका वर्गातल्या सगळ्या मुलांना सारखेच असतात. ते व्यक्तिगत होतात तेव्हाच, जेव्हा लग्न, लग्नेश (लग्नराशीचा स्वामी), चंद्र किंवा चालू दशेचा स्वामी त्यांत अडकतो. चंद्र सव्वादोन दिवसांत रास बदलतो आणि लग्न दोन तासांत, म्हणून राहू-केतूचा चंद्राशी आणि लग्नाशी आलेला अंशात्मक संबंध सगळ्यात आधी वाचावा.

राहू कोणाच्या घरात, कोणाच्या नक्षत्रात

राहू-केतू छायाग्रह आहेत, स्वतःची निर्विवाद रास त्यांना नाही. उच्चराशीबद्दलही मतभेद आहेत: राहूची कोणी वृषभ मानतो, कोणी मिथुन. म्हणून उच्च-नीचेच्या वादात न पडता राशिस्वामी पाहा. ज्याच्या राशीत राहू बसला, त्याचा स्वभाव आणि त्याची स्थिती राहूच्या दृष्टीत उतरते.

आपल्या उदाहरणात कुंभेचा स्वामी शनी. वृषभ लग्नाला शनी नवम आणि दशमाचा स्वामी, म्हणजे योगकारक (विशेष शुभ फल देणारा). तो एकादशात, लाभस्थानी. वक्री आहे, त्यामुळे फल उशिरा आणि पुन्हा पुन्हा केलेल्या प्रयत्नांतून, पण पाया भक्कम. अशा राहूची दृष्टी धनस्थानावर पडली तर ती "पैसा उडवते" असं कोणत्या आधाराने म्हणायचं? कामातून, पदातून, मोठ्या व्यवस्थेशी जोडून घेण्यातून पैशाची ओढ निर्माण करते, हे म्हणणं राशिस्वामीला धरून आहे. हाच राहू षष्ठेश किंवा अष्टमेशाच्या राशीत असता आणि तो स्वामी द्वादशात असता, तर याच दृष्टीचं वाचन वेगळं झालं असतं.

नक्षत्र पाहा. कुंभेत २० अंशांपुढे पूर्वाभाद्रपदा, स्वामी गुरू. म्हणजे राहू गुरूच्या नक्षत्रात आहे आणि गुरूकडेच पाहतो आहे. गुरू मिथुनेत २० अंशांपुढे, म्हणून पुनर्वसूत, स्वतःच्याच नक्षत्रात. आणि मिथुनेतल्या गुरूची नववी दृष्टी कुंभेवर पडते, राहू आणि चंद्र दोघांवर. परस्परदृष्टी झाली. राहू गुरूला पाहतो तसा गुरूही राहूला पाहतो, आणि राहू गुरूच्या नक्षत्रात असल्यामुळे इथे गुरूचं पारडं जड आहे.

ही पायरी गाळणारा "गुरुचांडाळ योग" असा शिक्का मारून मोकळा होतो. मुळात ते नाव गुरू-राहूच्या युतीचं. नवपंचमात (एकमेकांपासून पाचव्या-नवव्या घरात) असलेल्या, स्वनक्षत्रातल्या आणि उलट राहूला पाहणाऱ्या गुरूला ते चिकटवणं चूक आहे. घरात लहान बाळ असताना असा शब्द कानावर पडला की आईवडील वर्षानुवर्षं तो मनात धरून बसतात. सांगणाऱ्याने याची जबाबदारी ओळखावी.

तसंच कालसर्पाचं, म्हणजे सगळे ग्रह राहू-केतूच्या एकाच बाजूला असण्याच्या योगाचं. या पत्रिकेत मंगळ कन्येत, म्हणजे राहू-केतूच्या अक्षाच्या पलीकडे. चंद्रही राहूच्या तीन अंश मागे. सगळे ग्रह एका बाजूला नाहीत, त्यामुळे कालसर्पाची व्याख्या लागूच होत नाही. तरी राशी पाहून घाईने तो सांगितला जाऊ शकतो. त्र्यंबकेश्वरला शांतीसाठी जायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग, पण योग आहे की नाही हे अंशांवरून तपासायलाच हवं.

फलाचं वाक्य कसं बांधायचं

राहूची दृष्टी ज्या विषयावर पडते तिथे ओढ वाढते. रूढ चाकोरीबाहेरचं, परकं, नवं त्यात शिरतं, आणि नेमकं किती हवं हे ठरवणं कठीण जातं. केतूची दृष्टी जिथे पडते तिथे मन काढून घेतलं जातं; विषय बारीक होतो, धारदार होतो, कधी अचानक तुटतो. बलवान ग्रहावर केतूची दृष्टी असेल तर सूक्ष्म निरीक्षण आणि संशोधनाची वृत्ती देते, दुर्बल ग्रहावर असेल तर अर्धवट सोडण्याची सवय.

वाक्य चार तुकड्यांत लिहा: कोणत्या स्थानाचा विषय, दृष्टीचा स्वभाव, त्या स्थानाच्या स्वामीची ताकद, आणि काळ. उदाहरणातलं द्वितीय स्थान घ्या. विषय धन, कुटुंब, वाणी, आहार. दृष्टी राहूची, अंशाने नेमकी. तिथे बसलेला गुरू वृषभ लग्नाला अष्टम आणि लाभाचा स्वामी. द्वितीयेश बुध चतुर्थात, रवीपासून ५ अंशांवर, म्हणून अस्त (सूर्याच्या फार जवळ आल्याने निस्तेज), आणि केतूच्या सहवासात. वाक्य असं होईल: "बोलण्यात आणि शिकण्यात मोठी झेप घेण्याची ओढ, परभाषा किंवा घराबाहेरच्या ज्ञानाचं आकर्षण; पैशाची आवक दुसऱ्यांच्या किंवा सामूहिक पैशाशी जोडलेली; मात्र हिशेब आणि कागदपत्रं ही कच्ची बाजू, तिथे दुसऱ्याचा डोळा हवा." शेवटचा भाग अस्त बुधावरून आला, राहूवरून नाही. प्रत्येक तुकडा कोणत्या घटकावरून आला ते कंसात पेन्सिलीने लिहून ठेवा. ज्या तुकड्याला आधार सापडत नाही तो खोडा.

चतुर्थाचं वाचन अधिक काळजीने करायला हवं. रवी चतुर्थेश, स्वराशीत, पण केतूबरोबर आणि समोर चंद्र-राहू. घर, आई, मनाचं स्वास्थ्य हे नाजूक विषय. इथे "मातेला कष्ट" लिहिण्याआधी रवी स्वगृही आहे आणि चंद्रावर गुरूची दृष्टी आहे या दोन गोष्टी तराजूत टाकाव्याच लागतात. काम आणि घर यांची ओढाताण, घरापासून अलिप्तता, नोकरीसाठी स्थलांतर असं सौम्य आणि आधार असलेलं वाचन पुरेसं आहे. आजाराचं निदान पत्रिकेवरून करू नये आणि चालू औषध थांबवायला सांगू नये, हे वेगळं सांगायला नको.

कधी

दृष्टी जन्मभर असते, फल दशेत दिसतं. विंशोत्तरीत (ग्रहांचे मोठे काळ, म्हणजे महादशा, एकूण १२० वर्षांत मोजणाऱ्या पद्धतीत) राहूची महादशा १८ वर्षांची, केतूची ७ वर्षांची. पण त्या येतात का हे आधी पाहा. आपल्या उदाहरणात चंद्र कुंभेत २१ अंश १० कला, पूर्वाभाद्रपदेच्या पहिल्या चरणात, म्हणून जन्मतः गुरूची महादशा आणि तिची साधारण साडेचौदा वर्षं शिल्लक. पुढे शनी १९, बुध १७, केतू ७, शुक्र २०, रवी ६, चंद्र १०, मंगळ ७, आणि मग राहू. बेरीज करा: राहूची महादशा वयाच्या शंभरीनंतर! दशमात चंद्राबरोबर इतका ठळक बसलेला राहू, पण त्याची महादशा या जन्मी जवळजवळ येतच नाही. केतूची येते, वयाच्या पन्नाशीनंतर सात वर्षं.

मग राहूचं फल अंतर्दशांतून (महादशेतल्या पोटकाळांतून) शोधायचं. महादशेची वर्षं गुणिले अंतर्दशेच्या स्वामीची वर्षं, भागिले १२०. गुरू महादशेत राहूची अंतर्दशा: १६ गुणिले १८, भागिले १२०, म्हणजे २.४ वर्षं, दोन वर्षं चार महिने चोवीस दिवस. ती गुरू महादशेची शेवटची अंतर्दशा, म्हणून वयाच्या साधारण बारा वर्षं दोन महिन्यांपासून साडेचौदापर्यंत. गुरू-राहूची नेमकी परस्परदृष्टी सक्रिय होण्याचा हाच पहिला मोठा काळ: शिक्षणाची दिशा, भाषा, घरातल्या पैशाचे निर्णय या विषयांकडे तेव्हा लक्ष द्यायचं. जन्मवेळेत पाच मिनिटांची चूक असेल तर या तारखा सुमारे तीन आठवड्यांनी सरकतात, म्हणून दिवस ठरवून सांगू नका, सहामाही सांगा.

गोचर, म्हणजे ग्रहांचं त्या त्या वेळचं भ्रमण, त्यानंतर. गोचर राहू एखाद्या जन्मस्थ ग्रहाच्या अंशाला एका अंशाच्या आत सुमारे सव्वा महिना राहतो. दशा जुळत असेल तर तोच काळ जागता. दशा जुळत नसेल तर नुसत्या गोचरीवर मोठं भाकीत करू नये. डिसेंबर २०२६ च्या सुरुवातीला मध्यम राहू मकरेत आणि केतू कर्केत जातील, तेव्हा गोचर दृष्टी वायू आणि अग्नी राशींवरून पृथ्वी आणि जल राशींवर सरकेल. स्वतःच्या जन्मस्थानी राहू साडेअठरा, सदतीस आणि छप्पन या वयांच्या सुमारास परततो. नऊ-सव्वानऊ आणि अठ्ठावीसच्या सुमारास केतूच्या जागी येतो. या वयांना जन्मपत्रिकेतल्या सगळ्या दृष्टी गोचरीत पुन्हा त्याच स्थानांवर उमटतात.

नवमांशातली परीक्षा

अंशांची वजाबाकी बरोबर झाली का हे तपासायला नवमांश (राशीचा नववा भाग आणि त्यावरून मांडलेली कुंडली) फार उपयोगी पडतो. दोन बिंदूंत बरोबर १२० अंशांचं अंतर असेल तर त्यात ३६ नवमांश बसतात, आणि ३६ ला १२ ने निःशेष भाग जातो. म्हणून नेमक्या नवपंचमात असलेले दोन ग्रह नवमांश कुंडलीत एकाच राशीत येतात. कुंभेत २४ अंशांवरचा राहू आठव्या नवमांशात, वायुराशीची मोजणी तुळेपासून, म्हणून वृषभ नवमांश. मिथुनेत २४ अंशांवरचा गुरू त्याच हिशेबाने वृषभ नवमांशात. जन्मपत्रिकेतली पाचवी दृष्टी नवमांशात युती झाली. १ जून २०२५ च्या पत्रिकेत असं होत नाही: ४ अंशांवरचा गुरू वृश्चिक नवमांशात, २९ अंशांवरचा राहू मिथुन नवमांशात.

सातव्या दृष्टीत ५४ नवमांश येतात, शिल्लक सहा, म्हणून समोरासमोरचे ग्रह नवमांशातही समोरासमोरच राहतात. राहू-केतू नवमांशातही कायम एकमेकांपासून सातव्या घरात असतात. एखाद्या छापील पत्रिकेत ते तसे नसतील तर ती कुंडली मांडतानाच चुकली आहे, पुढचं फल वाचण्याआधी ती पुन्हा करा.

एक मर्यादा ध्यानात ठेवा. नवमांश ३ अंश २० कलांचा असतो. एक अंशाचाच फरक असलेले दोन ग्रह सीमेच्या अलीकडे-पलीकडे पडले तर वेगळ्या नवमांशात जातात, आणि मध्यम-स्पष्ट राहूमधला दीड अंशही सीमा ओलांडायला पुरतो. उदाहरणातला राहू २३ अंश २० कलांच्या सीमेपासून पाऊण अंशावरच आहे. अशा वेळी नवमांशातल्या युतीपेक्षा मूळ अंशांच्या फरकावर विश्वास ठेवा.